तीन आठवड्यांचा हिशेब

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. बारावीनंतर पुण्यातल्या एका छापखान्यात चिकटलो, तेव्हा एका खोलीत खिळे होते आणि शेजारच्या खोलीत डीटीपीचं पहिलं यंत्र नुकतंच येऊन बसलं होतं. जुळाऱ्यांच्या शेवटच्या पिढीकडून मी प्रुफं वाचायला शिकलो आणि यंत्राच्या खोलीत पानं लावायला. पुढची तीसएक वर्षं पानं लावण्यातच गेली. ज्या यंत्रापुढे आपण रात्र-रात्र बसतो ते आणि त्यातले प्रोग्राम घडवणारी माणसं कोण, हा प्रश्न तिथंच कधीतरी पडला आणि त्यांची चरित्रं, आठवणी, मुलाखती जमवायचा नाद लागला. शब्दकोश शेजारी ठेवून केलेलं हे वाचन आहे. त्यात कुणी मार्गदर्शक नव्हता, त्यामुळे कुठली गोष्ट महत्त्वाची समजायची हेही कुणी सांगितलं नाही.

दिवाळी अंक वाचकाच्या हातात वेळेवर पडतो, कारण गणपती उठल्यापासून काही माणसं पुरेशी झोपलेली नसतात. आमच्या घरी त्या दिवसांत एक ठरलेली गोष्ट व्हायची. बायको मुलाला घेऊन कराडला माहेरी जायची आणि मी छापखान्यात मुक्काम ठोकायचो. १९९६ साली मुलगा अकरा महिन्यांचा होता. त्या वर्षी ती तीन आठवडे तिकडे होती आणि मी चार अंक लावले. त्या चार अंकांबद्दल मी पुढं बरीच वर्षं फुशारकी मारत असे.

एका रात्री जेवताना मी तिला केन थॉम्पसनची गोष्ट सांगितली. संगणकाच्या जगात ही गोष्ट पुराणातल्या आख्यानासारखी सांगितली जाते. साल १९६९, उन्हाळा. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथं बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य संयुक्त प्रकल्पातून बेल लॅब्जनं त्याच वर्षी अंग काढून घेतलेलं. त्या प्रकल्पावर काम केलेला सव्वीस वर्षांचा थॉम्पसन, आणि फारसं कुणी न वापरणारं पीडीपी-७ जातीचं एक लहान यंत्र. त्याची बायको बॉनी वर्षाच्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. त्याला आणखी तीनच गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. प्रत्येकीला एक आठवडा दिला, आणि बायको परत आली तेव्हा युनिक्स उभं होतं. युनिक्स म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. आज वाचकाच्या खिशातला फोन कुठल्याही कंपनीचा असो, त्याच्या आतला कारभारी या घराण्यातला किंवा या घराण्याच्या वळणावर घडवलेला आहे.

बायकोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माहेरी गेली होती का ती?"

"नाही, सासरी. केनच्या आईवडिलांकडे. नातू दाखवायला."

ती हसली. म्हणाली, "अहो, मग सुट्टी कुणाची होती?"

हा लेख त्या प्रश्नातून निघालेला आहे. मी ही गोष्ट निदान दहा ठिकाणी वाचली होती आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. थॉम्पसननं युनिक्स 'सुट्टीत' लिहिलं असं सर्रास म्हटलं जातं. पण थॉम्पसन सुट्टीवर नव्हताच. तो नोकरीवर होता, पगार चालू होता, प्रयोगशाळेत जात होता. या गोष्टीत प्रवासाला गेलेली व्यक्ती एकच आहे, आणि ती एक वर्षाचं मूल कडेवर घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला सासू-सासऱ्यांकडे गेली आहे. मराठी वाचकाला या प्रकाराला सुट्टी म्हणायचं की काय, हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग मी या गोष्टीचे पाठ शोधायला बसलो. पोथीचे पाठभेद पाहतात तसे. पीटर सेलस यांनी १९९४ साली युनिक्सच्या पंचवीस वर्षांचा इतिहास लिहिला. त्यात थॉम्पसनच्याच तोंडून आलेल्या हकिगतीत बायको महिनाभर गेलेली आहे आणि कामं चार आहेत: मूळ प्रणाली, माणसाची आज्ञा ऐकणारा प्रोग्राम, मजकूर लिहायचा प्रोग्राम, आणि यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. आठवड्याला एक. पुढे पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास, २०१९ साली, त्याचे सहकारी ब्रायन कर्निगन यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात आणि त्याच वर्षी कर्निगननी थॉम्पसनची जाहीर मुलाखत घेतली तिच्यात तीन आठवडे आहेत आणि कामं तीन. पंचवीस वर्षांत एक आठवडा गळाला. मी याला खोटेपणा म्हणत नाही. सांगता सांगता गोष्ट घोटीव होत जाते, आणि ऐकणाऱ्याला तीनाचा आकडा चारापेक्षा बरा वाटतो.

तिसरा पाठ डेनिस रिचीचा. रिची युनिक्सचा दुसरा जनक. त्यानं युनिक्सच्या जडणघडणीवर एक कोरडा, नेमका लेख लिहिला आहे. त्या लेखात मला महत्त्वाचा वाटला तो फळा. थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे या तिघांनी फळ्यावर आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर फाइली साठवण्याची रचना ठरवली. तीच पुढं युनिक्सचं काळीज झाली. तीन आठवडे सुरू झाले तेव्हा हा पाया घातलेला होता, आणि त्याआधी मल्टिक्सवर काय जमलं आणि काय फसलं याचं काही वर्षांचं शिक्षणही पदरात होतं. म्हणजे 'तीन आठवड्यांत युनिक्स' या वाक्याच्या आधी एक मोठा काळ आहे आणि बाजूला दोन माणसं आहेत. बॉनीला धरून तीन. गोष्टीनं बॉनीचं जाणं तेवढं ठेवलं, कारण त्यानं गोष्टीला एक घड्याळ मिळतं: बायको परत येईपर्यंत.

आपल्या भाषेत एक सोय आहे. सुट्टी वेगळी आणि रजा वेगळी. सुट्टी सगळ्यांना लागते, ती कॅलेंडरवर छापलेली असते. रजा मागावी लागते, अर्ज करावा लागतो, कारण लिहावं लागतं, आणि वरचा माणूस नाही म्हणू शकतो. रजेतही किरकोळ, हक्काची, बाळंतपणाची, अभ्यासाची, बिनपगारी. संगणकवाल्यांच्या कर्तृत्वकथा मराठीतून विचार करत वाचल्या की प्रत्येक ठिकाणी 'ही कुठली रजा?' असं विचारता येतं, आणि तेवढ्यानंच बऱ्याच कथा वेगळ्या दिसू लागतात.

गिडो व्हान रॉसमनं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९८९च्या नाताळात सुरू केली, ही अशीच दुसरी लाडकी कथा. ॲमस्टरडॅममधल्या ज्या संशोधन संस्थेत तो होता ती नाताळात बंद, घरी संगणक, हाताला काही चाळा हवा म्हणून. ही खरी सुट्टी, कॅलेंडरवरची. पण तो त्याआधी एबीसी नावाच्या भाषेवर काही वर्षं पगारी काम करून बसला होता, तिथल्या चुका त्याला पाठ होत्या, आणि पायथन लोकांपुढे आलं ते १९९१च्या फेब्रुवारीत. आठवडा सुरुवातीचा होता. कथेत तो जन्माचा होतो.

डोनाल्ड क्नूथचं प्रकरण निराळं आहे, आणि पानं लावणाऱ्या माणसाला ते जास्त जवळचं. तिथं रजा खऱ्या आहेत आणि त्यांचा हिशेब त्यानं स्वतः ठेवलेला आहे.

क्नूथ १९७२-७३ हे वर्ष नॉर्वेत, ऑस्लोला होता. स्टॅनफर्डची अभ्यासरजा. 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्याच्या महाग्रंथाचं काम चालू. जॉन कॉनवे या गणितज्ञानं त्याला आदल्या वर्षी जेवताना संख्यांची एक नवीच कल्पना सांगितली होती. एका रात्री क्नूथ जागा झाला आणि त्यानं पत्नी जिलला उठवून सांगितलं की मला एक छोटं पुस्तक लिहायचं आहे, आठवडाभर लागेल. घरात दोन लहान मुलं. जिलनं हो म्हटलं, आणि १९७३च्या जानेवारीत त्यानं ऑस्लोतच हॉटेलात खोली घेतली. सहा दिवस लिहिलं, सातव्या दिवशी विसावला. बायबलवर प्रेम असलेला माणूस असल्यामुळे हा विनोद तो आवर्जून सांगतो. 'सर्रियल नंबर्स' हे पुस्तक १९७४ साली आलं. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर सगळं सोडून राहायला आलेलं एक जोडपं, त्यांना सापडलेला एक कोरीव दगड, आणि दोघांच्या बोलण्यातून उलगडत जाणारं गणित. रजेतल्या रजेत लिहिलेलं, रजेवर गेलेल्या दोन माणसांचं पुस्तक. त्यातली ॲलिस गणितात बिलच्या बरोबरीनं चालते, पुष्कळदा पुढं असते. हे मला त्या पुस्तकातल्या गणितापेक्षा आधी समजलं.

थॉम्पसनच्या गोष्टीशी ताडून पाहिलं की एक फरक दिसतो. दोन्हीकडे घर दुसऱ्या कुणी सांभाळलं. पण क्नूथच्या सांगण्यात जिलला विचारलं जातं, ती उत्तर देते, हॉटेलवर भेटायला येते. ती माणूस म्हणून गोष्टीत आहे. एका आठवड्याची परवानगी कुणाकडून मिळाली, हे सांगायला क्नूथ विसरत नाही.

चार वर्षांनी त्याच्या हातात त्याच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची गॅली प्रुफं आली. साल १९७७. पहिली आवृत्ती धातूच्या टायपात जुळवलेली, देखणी. आता प्रकाशक फोटोटाइपसेटिंगवर गेला होता आणि अक्षरं बघवत नव्हती. त्या प्रसंगाचं वर्णन वाचताना मला आमच्या छापखान्यातले शेवटचे जुळारी आठवले. डीटीपीची पहिली पानं त्यांनी हातात घेतली, जोडाक्षरांकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता टेबलावर ठेवली. त्यांच्या हातात एवढंच होतं. क्नूथच्या हातात पुढची अभ्यासरजा होती. ती त्यानं अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला लावायचं ठरवलं. वर्षभरात संपवू, असा अंदाज.

तो प्रोग्राम म्हणजे टेक. शेवटच्या व्यंजनाचा उच्चार घशातून करायचा असा क्नूथचा आग्रह आहे, आपण तिकडे दुर्लक्ष करू. १९७७च्या उन्हाळ्यात तो चीनला गेला आणि जाताना मायकेल प्लास व फ्रँक लियांग या दोन विद्यार्थ्यांना आराखडा देऊन गेला, की मी येईपर्यंत हे लिहून काढा. परत येऊन पाहतो तर प्रोग्रामचा थोडाच भाग चालू झालेला. एखादा प्राध्यापक इथं विद्यार्थ्यांवर चिडला असता. क्नूथनं स्वतः लिहायला घेतलं आणि त्याला कळलं की आराखड्यात न दिसणारे निर्णय पावलोपावली घ्यावे लागतात. पोरांनी एवढं केलं हेच पुष्कळ, असं त्याचं मत झालं. त्यातला प्लास पुढं त्याच्याबरोबर परिच्छेदाच्या ओळी कुठं तोडायच्या याच्या पद्धतीचा सहलेखक झाला. एकेक ओळ सुटी न पाहता सबंध परिच्छेदाचा विचार करून ओळी तोडायच्या, ही ती युक्ती. आज इनडिझाइनमध्ये आम्ही जी सोय वापरतो तिचं मूळ तिथं आहे. लियांगनं शब्द तोडून हायफन देण्याची रीत बसवली.

आणि वर्षाची रजा? 'कम्प्युटर्स अँड टाइपसेटिंग' हे टेकचे आणि त्याच्या अक्षरवळणांचे पाच खंड पुरे झाले १९८६ साली. महाग्रंथाचा तिसरा खंड १९७३चा, चौथ्याचा पहिला भाग २०११चा. मधल्या अडतीस वर्षांतली निदान दहा त्या एका रजेनं खाल्ली. क्नूथ हे लपवत नाही. १९८९ साली त्यानं टेकमधल्या चुकांवर निबंध लिहिला आणि १९७८पासूनच्या आपल्या साडेआठशेहून जास्त चुका व दुरुस्त्यांची वहीच पुरवणी म्हणून छापली. कुठे घसरलो, कुठे विसरलो, कुठे मूर्खपणा केला, अशी वर्गवारी करून. एखाद्या मुद्रितशोधकानं आयुष्यभराची मुद्रितं प्रसिद्ध करावीत तसा हा प्रकार आहे. संगणकवाल्यांच्या आत्मपर लेखनात माझ्या मते याहून प्रामाणिक दुसरं काही नाही. युनिक्सचे तीन आठवडे सांगणाऱ्या पुस्तकांतून काय लिहिलं हे कळतं. क्नूथच्या वहीतून किती वेळ लागला हे कळतं.

(आपला एक धागा इथं जुळतो. १९९१ साली नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी टेकसाठी देवनागरीची जुळणी तयार केली. संस्कृत आणि गणित एका पानावर लावणारे आपल्याकडचे अभ्यासक बरीच वर्षं त्यावर विसंबून होते. मीही एका व्याकरणाच्या पुस्तकासाठी ती शिकायचा प्रयत्न केला. मालकांना तेवढा वेळ परवडला नाही.)

आता ज्या पुस्तकासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो त्याकडे येतो. ट्रेसी किडरचं 'द सोल ऑफ अ न्यू मशीन'. प्रसिद्धी १९८१, पुढच्या वर्षी पुलित्झर. मॅसेच्युसेट्सच्या वेस्टबरो गावात डेटा जनरल नावाच्या कंपनीच्या तळघरात इंजिनिअरांचा एक गट नवा संगणक बांधतो, त्याची ही हकिगत. प्रतिस्पर्धी डिजिटल कंपनीचं व्हॅक्स बाजारात जोरात आहे, कंपनीनं प्रतिष्ठेचा प्रकल्प दुसऱ्या राज्यातल्या गटाला दिलेला आहे, आणि टॉम वेस्ट हा माणूस मागच्या दारानं आपलं यंत्र उभं करतो. संगणक या विषयावर साहित्य म्हणून वाचावं असं पुस्तक कोणतं, असं विचारलं तर मी अजूनही हेच सांगेन. किडरला तांत्रिक गोष्ट माणसाच्या हालचालीतून दाखवता येते.

या पुस्तकाची सुरुवात कारखान्यात होत नाही, समुद्रावर होते. मेन राज्यातून न्यूयॉर्ककडे निघालेली शिडाची नाव, त्यावर एकमेकांना फारसे न ओळखणारे पाच जण, आणि वादळ. सगळे आळीपाळीनं झोपतात. वेस्ट जवळजवळ झोपतच नाही. सुकाणू धरतो, दिवे दुरुस्त करतो, मजेत असतो. प्रवास संपल्यावर बाकीच्यांना प्रश्न पडतो, की हा माणूस सुट्टी अशी घालवतो तर काम तरी काय करत असेल? इथं प्रकरण संपतं आणि कारखाना सुरू होतो.

प्रारंभ म्हणून हे लाजवाब आहे. पण किडरनं काय केलं ते पाहावं. ज्याच्या सुट्टीतही काम शिरलेलं आहे तो माणूस त्यानं पहिल्याच पानांत नायक म्हणून बसवला. तिथून पुढे न झोपणं हीच पुस्तकातली गुणवत्तेची कसोटी होते. वेस्टचे सहकारी कार्ल आल्सिंग आणि एड रसाला कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं भरती करतात. त्यांच्याकडून एक प्रकारचा शब्द घेतला जातो, की गरज पडली तर घर, मित्र, सगळं मागे राहील. पगार महिन्याचा, त्यामुळे जादा तासांचा पैसा नाही. बक्षीस काय, तर हे यंत्र झालं की पुढचं बांधायला मिळेल. पिनबॉलच्या खेळात जिंकणाऱ्याला पुन्हा एकदा खेळायला मिळतं, तसं. किडर हे सगळं लिहितो. तो आंधळा नाही. यात पिळवणूक आहे का, हा प्रश्न त्याच्या पुस्तकातली माणसंही विचारतात. पण त्याची वाक्यं वेस्टच्या बाजूला उभी राहतात, वादळातल्या नावेवर राहिली होती तशी.

एका ठिकाणी मात्र पुस्तकाला तडा जातो. गटातला एक तरुण इंजिनिअर थकतो. यंत्राची एकेक चाल सेकंदाच्या अब्जांश भागात मोजायची, तिथं कुठं काय चुकलं ते पाहायचं, हे त्याचं काम. एक दिवस तो निघून जातो आणि टर्मिनलवर चिठ्ठी ठेवतो. तो व्हरमाँटमधल्या एका कम्यूनमध्ये राहायला चालला आहे, आणि यापुढे त्याला वेळ मोजायचा तो ऋतूंच्या मापानं. चिठ्ठी दोन ओळींची आहे. संगणकविषयक लेखनात इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि ती टीकाकारानं केलेली नाही.

किडर ही चिठ्ठी देतो, पण पुस्तक त्या मुलाबरोबर व्हरमाँटला जात नाही. ते तळघरातच थांबतं, कारण यंत्र तिथं आहे. कथनाची ही निवड समजण्यासारखी आहे. तरी हीच निवड या प्रकारच्या सगळ्या लेखनात दिसते. रजेत काहीतरी निर्माण झालं तर ती रजा इतिहासात जाते. रजेत माणूस नुसता राहिला, जेवला, झोपला, तर तो पुस्तकातून बाहेर पडतो. आणखी एक व्यक्ती पुस्तकाच्या कडेला आहे, गटाची सेक्रेटरी रोझमेरी सील. टपालापासून टेबल-खुर्च्यांपर्यंत सगळं निस्तरणारी. तिलाही यंत्र शेवटी चालतं की नाही ते पाहायची ओढ लागलेली असते. तिच्याबद्दलची पानं थोडी आहेत आणि मला ती फार आवडतात. पण यंत्राच्या श्रेयनामावलीत अशा कामाला खण नसतो. यंत्र १९८०च्या एप्रिलमध्ये बाजारात आलं आणि गट पांगला.

वेस्टच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र किडरनं हुशारीनं नोंदवली आहे. कॉलेजात असताना कुवतीपेक्षा कमी अभ्यास करणाऱ्यांना वर्षभर बाहेर पाठवण्याची तिथं पद्धत होती, तीत वेस्ट सापडला. ती सक्तीची रजा. त्या काळात तो स्मिथसोनियनच्या वेधशाळेत कामाला लागला. पुढं दिवस-रात्र एक करणाऱ्या माणसाच्या मुळाशी एक लादलेलं रिकामं वर्ष आहे, हे मला त्या नावेच्या प्रसंगापेक्षा जास्त सांगून जातं. किडर त्यावर रेंगाळत नाही.

रजेवर गेलेल्या माणसाबरोबर जाणारं पुस्तक कसं दिसलं असतं, हे पाहायला मी मेरी ॲलन विल्क्सचं उदाहरण घेतो. शिक्षण तत्त्वज्ञानाचं. १९५९ साली पदवी घेऊन ती एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत प्रोग्रामर झाली. लिंक नावाच्या लहान संगणकाचा मूळ कारभारी प्रोग्राम लिहिणारी ती. हा संगणक एका माणसानं एकट्यानं वापरावा म्हणून बांधलेला होता, आणि त्या काळी ही कल्पनाच अजब होती. १९६४ साली तिचा गट सेंट लुइसला हलला. तिला तिकडे जायचं नव्हतं. तिनं त्या वर्षी जगप्रवास केला. त्या प्रवासात तिनं कुठली प्रणाली शोधली नाही. ती हिंडली आणि परत आली.

गटाला तिची गरज होती, म्हणून १९६५ साली लिंक संगणकच तिच्या घरी पाठवण्यात आला, बाल्टिमोरला आईवडिलांकडे. वडील चर्चचे धर्मोपदेशक. दिवाणखान्यात जिन्याच्या पायथ्याशी फडताळाएवढं यंत्र आणि त्याच्यासमोर ती, असं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. घरी संगणक असणारी जगातली पहिली माणसं मोजायची झाली तर तिचं नाव सगळ्यात वर येतं. लॅप६ ही प्रणाली तिनं त्या घरात पुरी केली. आणि मग काही वर्षांनी संगणक सोडून हार्वर्डला कायदा शिकायला गेली, वकील झाली.

तिच्यावर अलीकडे लिहिलं जातं ते 'घरून काम करणारी पहिली' म्हणून. म्हणजे पुन्हा कामच. प्रवासाचं वर्ष वाक्याच्या एका कोपऱ्यात उरकलं जातं, आणि संगणक सोडण्याला तर हळहळीचा सूर लागतो, जणू काही गमावलं. मला तसं दिसत नाही. ज्या क्षेत्रात चिठ्ठी ठेवून पळावं लागतं, त्यात तिला दोनदा सरळ दारातून बाहेर जाता आलं. पहिल्या वेळी परत येता आलं, तेही आपल्या अटीवर. हे तिच्या लॅप६इतकंच कर्तृत्व मानायला चरित्रकाराजवळ वेगळी मोजपट्टी लागेल.

इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्लीनं त्याच सुमारास, १९६२ साली, सहा पौंडांच्या भांडवलावर घरातल्या जेवणाच्या टेबलावर कंपनी काढली. लग्न किंवा बाळंतपण झालं म्हणून नोकरीबाहेर पडलेल्या प्रोग्रामर बायकांना घरबसल्या काम देणारी. गिऱ्हाइकाला लिहायच्या पत्रांवर ती 'स्टीव्ह' अशी सही करी, म्हणजे निदान उत्तर तरी येई. गिऱ्हाइकाचा फोन आला की घरातल्या बाळाचा आवाज झाकायला टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत असे. कंपनीतल्या पहिल्या तीनशे माणसांत पुरुष तीन होते. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या बायकांनी केलं. त्या टेपचा मला विसर पडत नाही. जगाच्या दृष्टीनं या बायका रजेवर होत्या, आणि काम चालू आहे हे पटवायला कामाचा आवाज वाजवावा लागत होता. मरे हिलमध्ये बायको आणि बाळ तीन आठवडे घराबाहेर गेले तेव्हा शांतता झाली. शर्लीच्या घरातलं बाळ कुठं जाणार होतं?

थॉम्पसनबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे सांगायला हवं. १९७५-७६ साली तो अभ्यासरजेवर बर्कलीला, आपल्याच विद्यापीठात, शिकवायला गेला आणि युनिक्स बरोबर घेऊन गेला. तिथल्या बिल जॉय वगैरे विद्यार्थ्यांनी ते हातात घेतलं आणि त्यातून युनिक्सची एक स्वतंत्र शाखा निघाली. ही खरी रजा, पगारी, आणि तिचा परिणाम त्या तीन आठवड्यांइतकाच दूरवर गेला. पण बर्कलीची गोष्ट कुणी जेवताना सांगत नाही. तिच्यात एक वर्षभर शिकवणारा माणूस आहे आणि ऐकणारी पोरं आहेत. शर्यत नाही, घड्याळ नाही.

लेखाचा पहिला खर्डा मी बायकोला वाचून दाखवला. १९९६चा उल्लेख आला तशी तिनं थांबवलं. कराडला ते तीन आठवडे तू काय करत होतीस, हे मी तिला तोवर कधी विचारलं नव्हतं, म्हणून विचारलं. तिनं आठवून सांगितलं. पहिला आठवडा मुलाला ताप होता. दुसऱ्या आठवड्यात तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात डबा तीच नेत होती. तिसऱ्या आठवड्यात, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, मुलगा ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला आणि हात सोडून चार पावलं चालला. तिनं छापखान्यात फोन केला होता. ज्यानं उचलला त्यानं सांगितलं की ते पान लावतायत, नंतर करा.

मला तो निरोप मिळाला होता की नाही, ते आठवत नाही. त्या चार अंकांपैकी दोन माझ्याकडे आहेत. तिसरा आणि चौथा रद्दीत शोधतो आहे.